सहा अक्षरांचा कुंचला

तिसरा महिना, सतरावा दिवस

आजपासून हे लिहायला घेतलं आहे, कारण या घरात बोलायची सोय उरलेली नाही. ह्यांचा सराव चालू असताना बोलायचं नाही, मासे तळायचे नाहीत, भांडं आपटायचं नाही, आणि काल तर म्हणाले, "जरा हळू श्वास घे." म्हणून आता कागदाशी बोलते. कागदाला तोटा नाही. ह्यांनी टाकून दिलेले ताव खोलीभर लोळताहेत. एका बाजूला गोल आणि रेघा, मागची बाजू कोरी. शाई आरपार आली आहे, पण माझं मला वाचता येतं.

झालं असं की गावातला वानआन पूल कमिटीने नव्याने बांधला. पुलाच्या तोंडाशी एक शिळा उभी राहणार. खाली देणगीदारांची नावं साध्या अक्षरांत येतील, ती दुसरं कोणी लिहील. पण माथ्यावर सहा अक्षरं मुद्रालिपीत हवीत: 'वानआन पुलाच्या जीर्णोद्धाराची नोंद'. मुद्रालिपी म्हणजे शिक्क्यांवर असतात ती जुनी, लांबट, वळणावळणाची अक्षरं. शंभरातल्या नव्याण्णव माणसांना ती वाचता येत नाहीत, आणि म्हणूनच ती मानाच्या जागी लावतात असं माझं मत आहे. कमिटीचे अध्यक्ष थांगसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले की हे काम शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी करावं. ड्रॉइंग मास्तर म्हणजे आमचे हे. तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीला लागलेले नाहीत.

मी काल माहेरून, शानलियानहून, होडीने परत आले ती आईने केलेला कुंचला घेऊन. आमच्या गावात घरटी कुंचले होतात. बायका पाण्याच्या परातीत बकरीचे केस विंचरतात आणि एकेक उजेडाला धरून निवडतात. चांगल्या केसाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा भाग काचेसारखा असतो. तशी टोकं एका रेषेत आणून बांधली की कुंचला होतो, नाहीतर ती केरसुणी. आईने हे पन्नास वर्षं केलं. यंदा डोळ्यांनी साथ सोडली. हा एक कुंचला तिने सगळा हिवाळा घालवून बोटांनी आणि ओठांनी चाचपत केला, आणि म्हणाली, "यापुढे नाही."

मग म्हणाली, "जावईबापूंना सांग, दगडावरची अक्षरं याच कुंचल्याने लिहा. दांड्यावर दुकानाचं नाव असतं, अक्षराखाली लिहिणाऱ्याचं असतं. माझं कुठे नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण दगडावर माझ्या टोकाची रेघ असेल, तर एकदा बोट लावून बघेन म्हणते."

मी शब्द दिला आहे. म्हणून हे सगळं सहन करते आहे.

तिसरा महिना, वीस

कुठल्याशा जुन्या पोथीत लिहिलं आहे म्हणे, कुंचला धरताना तळहात पोकळ हवा, आत अंडं मावेल इतका. कोणी शहाणा माणूस हे वाचून तळहात पोकळ धरेल. आमचे हे खरोखरीचं अंडं धरून बसले. पाचव्या महिन्याच्या सणासाठी मी मिठात घालायला बदकाची बारा अंडी आणली होती. आता नऊ आहेत. पहिलं फुटलं तेव्हा म्हणाले, "पकड घट्ट झाली." दुसरं फुटलं तेव्हा म्हणाले, "पकड सैल झाली." तिसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत, नुसतं बाहीला पुसलं.

मी म्हटलं, "अहो, निदान उकडून धरा."

तर म्हणे, उकडलेल्या अंड्याची भीती वाटत नाही, आणि भीती वाटायला हवी. बाही मी धुतली.

तिसरा महिना, चोवीस

आज जेवताना व्याख्यान. बांबूचे कोंब निवत होते आणि हे सम्राटाच्या दरबारात होते.

दोन हजार वर्षांपूर्वी सात राज्यांची अक्षरं सात तऱ्हांची होती. पहिल्या सम्राटाने राज्यं मोडली तशी अक्षरंही मोडली आणि सगळ्यांना मिळून एकच लिपी दिली. त्याच्या प्रधानाने ती घडवली आणि डोंगरांवर शिळा उभारून कोरून ठेवली. प्रत्येक रेघ सारख्या जाडीची, डावी बाजू उजवीला तोलून धरणारी, आणि टोकदार कोपरा औषधालाही नाही. पुढे कचेऱ्यांतल्या कारकुनांना घाई झाली. एवढी गोल वळणं काढत कोण बसतो? त्यांनी वळणं मोडून सरळ, चपटी अक्षरं केली, आणि सगळं जग त्यांच्या मागे गेलं.

"कारकुनांनी वाट लावली!" हे जेवणाच्या काड्या हवेत नाचवत म्हणाले.

मला त्या कारकुनांचं मनापासून पटतं. त्यांच्या बायका घरी जेवायच्या थांबल्या असतील.

मग आमच्या पुलाचं नाव घेतलं. 'वान' म्हणजे दहा हजार, ते मुळात विंचवाचं चित्र. 'आन' म्हणजे स्वस्थता, ते छपराखाली बसलेल्या बाईचं चित्र.

मी विचारलं, "या घरात बाई बसलेली कधी पाहिलीत तुम्ही?"

"चित्रात बसली आहे ना."

"मग तिच्या चुलीपाशी कोण आहे?"

हसले नाहीत. उलट मला कुंचल्याचा इतिहास सांगायला लागले! म्हणे त्याच सम्राटाच्या सेनापतीने कुंचला शोधून काढला. त्या सेनापतीचं देऊळ आमच्या गावात आहे, परवाच मी त्याच्या जत्रेला जाऊन आले. आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल की सेनापतीने फक्त काठी धरली, केस विंचरून दिले ते त्याच्या बायकोने.

चौथा महिना, दोन

आज काही नाही. रेघा.

चौथा महिना, सहा

शब्द आवरला नाही. बोलायला नको होतं, पण समोर बसून वाईट रेघ बघत राहणं म्हणजे डाळीत खडा लागत असताना जेवत राहण्यासारखं आहे.

मुद्रालिपीची रेघ दिसते सोपी. कुंचला उभा धरायचा, कोपर टेकायचं नाही. सुरुवात उलट्या दिशेने करायची म्हणजे टोक रेघेच्या पोटात शिरतं. मग ते बरोबर मधून चालवत न्यायचं आणि शेवटी पुन्हा आत वळवून उचलायचं. टोक कुठेही दिसता कामा नये, पण सबंध रेघ त्याच्या मागून चालते. आमच्या गावात बांधलेला प्रत्येक कुंचला अशी एक रेघ ओढून पारखतात, म्हणून मला माहीत. ह्यांचं टोक वळणावर बाहेर निसटतं आणि रेघेची एक कड करवतीसारखी होते.

मी म्हटलं, "टोक आत घ्या. वळणावर मनगट नको, खांदा फिरवा."

"चार इयत्ता शिकलीस, आणि मला शिकवतेस?" हे म्हणाले. मग ताव चुरगळून म्हणाले, "दोष माझ्या हातात नाही. तुझ्या आईचा कुंचलाच हट्टी आहे. टोक फार लांब, फार जिवंत. ऐकतच नाही."

नाचता येईना अंगण वाकडं. मी सांगून टाकलं की माझ्या आईच्या कुंचल्याला नावं ठेवायची नाहीत. त्यावर ह्यांनी विचारलं की तुला एवढा अभिमान आहे तर तू का नाही शिकलीस. मी उठून आत गेले. मी नऊ वर्षांची असताना आईने मला परातीतून उचलून शाळेत घातलं. हिवाळ्यात त्या पाण्याने हात असे फुटतात की मूठ मिटत नाही. मुलीचे हात कोरडे राहावेत म्हणून आईने स्वतःचे दुप्पट भिजवले. हे ह्यांना माहीत आहे. भांडणात माणूस माहीत असलेलं विसरतो, तसे विसरले असतील.

चौथा महिना, नऊ

बाजारातून आले तर घरात केस जळल्याचा वास. शेजारच्या मावशींनी रेशमाच्या अळ्यांच्या खोलीत ऊब यावी म्हणून शेगडी ठेवली आहे, तिच्यात काय पडलं कोण जाणे. अळ्यांच्या दिवसांत कोणाच्या दाराशी जायचं नसतं, त्यामुळे विचारताही येत नाही. सगळ्या खिडक्या उघडल्या. हे फार मदतीला आले, स्वतः पंखा घेऊन वारा घालत होते.

चौथा महिना, बारा

चमत्कारच म्हणायचा. तीन दिवसांत ह्यांची रेघ सुधारली. सुधारली म्हणजे काय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची! वळणावर निसटत नाही, कड दातेरी होत नाही. अंड्यांनी काम केलं म्हणायचं. सहाही अक्षरं भिंतीला लावून हे मागेपुढे होऊन बघत असतात. स्वभावसुद्धा निवळला आहे. आज पाणी भरून आणलं, मी मासे तळले तरी हूं का चूं केलं नाही, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आपला कुंचला स्वतः धुऊन, पुसून, वेळूच्या नळीत घालून ठेवला. "तू नको त्रास घेऊस," म्हणाले.

फक्त एक आहे. मी त्या अक्षरांकडे बघते तेव्हा मला शेवयांची आठवण येते. सगळ्या सारख्या, सगळ्या बरोबर, आणि काही वाटत नाही. पण माझी मेलीची नजरच वाकडी. नवरा वाईट लिहितो म्हणून कुरकुर करायची, चांगलं लिहायला लागला तरी कुरकुर करायची.

चौथा महिना, अठरा

वू मिस्त्री ताव न्यायला आले होते. शिळा कोरायचं काम त्यांच्याकडे आहे. सत्तरीचे आहेत, कानाने कमी, भुवयांत दगडाची भुकटी. ह्यांनी सहा अक्षरांचा ताव असा पसरला जसा काही राजपुत्राचा पाळणा. वू मिस्त्रींनी तो समोरून पाहिलाच नाही. उचलून खिडकीशी नेला आणि उजेडासमोर उलटा धरला.

बराच वेळ बघून म्हणाले, "मास्तर, धागा कुठाय?"

"कसला धागा?"

"रेघेच्या मधोमध शाईचा काळा धागा असतो. टोक जिथनं जातं तिथं शाई जास्त मुरते. माझी छिन्नी त्याच्यावरनं चालते, तिथं सगळ्यात खोल जाते. हितं तर कडेपासून कडेपर्यंत सगळं करडं. मी खोल जाऊ कुठं?"

हे म्हणाले कागद हलका आहे. मिस्त्री म्हणाले, कागद चांगला आहे. हे म्हणाले शाई पातळ झाली असेल. मिस्त्री म्हणाले, शाई बी चांगली आहे, आणि ऐकू येत नसल्यासारखे माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, तुम्ही शानलियानच्या ना? कुंचला दाखवा जरा."

हे मधे आले. मी ह्यांना वळसा घालून गेले, वेळूची नळी उचलली आणि कुंचला बाहेर काढला.

टोक नव्हतं. सुरवंटाच्या पाठीसारखा बोथट गोल, आणि कडेला पिवळट झालेले केस.

वू मिस्त्रींनी ताव गुंडाळून परत ठेवला. "पंचवीस तारखेपर्यंत थांबतो," म्हणाले, "त्यानंतर दगड थांबणार नाही, सणाआधी उभा करायचा आहे." जाताना दार त्यांनी इतकं हळू लावलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोच दिवस, संध्याकाळी

दुपारी पुढचं लिहिता आलं नाही.

मी विचारलं, "कशाने?"

"मेणबत्तीने."

शाळेतल्या कोणीतरी ह्यांच्या कानात सांगितलं होतं की जुने उस्तादसुद्धा गुपचूप टोक जाळायचे. टोक गेलं की कुंचला निमूट चालतो, रेघ आपोआप सारखी येते. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आईने डोळे नसताना एकेक केस ओठांनी निवडला होता हो."

"पण मुद्रालिपीत टोक दिसतच नाही!" हे म्हणाले. "सगळी कला ते लपवण्यात आहे. मग असलं काय आणि नसलं काय?"

"शिजलेल्या भातात पाणी दिसत नाही, म्हणून तुम्हाला कोरडे तांदूळ वाढू का?"

यावर हे रडायला लागले. मला भांडायचं होतं, अकरा वर्षांचं सगळं काढायचं होतं, आणि हा माणूस बाहीत तोंड खुपसून रडतो! म्हणाले, थांगसाहेबांनी सगळ्या गावात सांगितलं आहे, हात जमत नाही हे कोणाला सांगू. मला सांगायचं होतंत, मी म्हटलं. मग चहासुद्धा मीच केला.

चौथा महिना, वीस

उद्या आई येते आहे. अळ्या कोशात गेल्या, गावातली दारं उघडली, आता होडीत जागा मिळते असा निरोप आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

मी ठरवलं आहे, तिला कळू द्यायचं नाही. बाजारात जाऊन तसाच लांब, बकरीच्या केसांचा कुंचला आणला. दांडा खरवडून दुकानाचं नाव घालवलं, दोनदा भिजवून वाळवला म्हणजे वापरलेला वाटेल. आईला दिसत नाही. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, पण दुसरं काय करू?

चौथा महिना, एकवीस

अर्धा तास. माझं शहाणपण अर्धा तास टिकलं.

आईने पाय धुतले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आण बघू. कसा चालतोय?" मी बाजारचा तिच्या हातात दिला. तिने तो ओठांत धरला, जिभेने टोक चाचपलं आणि परत माझ्यापुढे केला.

"दुकानातला आहे. आणि दोन केस उलटे बांधलेत. माझा कुठाय?"

हे दारात उभे होते. मला वाटलं, आता मूग गिळून बसतील. पण स्वतः पुढे आले, नळी आईच्या मांडीवर ठेवली आणि खाली बसले. "आई, मी जाळला," म्हणाले.

आईने तो कुंचला बाहेर काढला. बोट फिरवलं. नाकाशी नेला. मी तिच्या तोंडाकडे बघूच शकत नव्हते.

"सणाच्या कोंबडीसारखा वास येतोय," ती शेवटी म्हणाली. "जावईबापू, मेणबत्ती देवापुढे लावायची असते."

"चुकलं, आई."

"ते झालंच. आता परात भरा. थंड पाणी, विहिरीचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू बस इथे. बाहेरच्या थरातले आखूड केस टोकापासून जरा मागे असतात, ज्योत तिथवर पोचली नसणार. त्यांची टोकं शाबूत असतील. पण ती मला दिसायची नाहीत."

मी नाही म्हटलं. म्हटलं, मला येत नाही, मी कधी केलेलं नाही, नऊ वर्षांची होते तेव्हा. म्हटलं, तूच मला तिथून काढलंस ना. आईने ऐकून घेतलं आणि पिशवीतून हाडाची फणी काढून माझ्यापुढे ठेवली. कुठेही गेली तरी ती फणी तिच्याबरोबर असते.

चौथा महिना, बावीस

सकाळी उजाडल्यापासून दुपार कलेपर्यंत परातीशी. कंबर मोडली. चौथ्या महिन्यातही विहिरीचं पाणी हाडांत शिरतं.

आईने दोरा कापून कुंचला सोडवला. केस पाण्यात पसरले. ती शेजारी बसून सांगत होती आणि मी करत होते, म्हणजे निदान तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात ती "उजेडाला धर" म्हणायच्या आधीच मी धरलेला असायचा. जळलेले एका बाजूला, शाबूत दुसऱ्या. जळलेल्यांचा ढीग मोठा, शाबूत जेमतेम चिमूटभर. फणी फिरवायची, टोकं जुळवायची, चुकलेला केस उपटायचा, परत फणी. मधेच आई गप्प झाली. मला वाटलं डुलकी लागली. बघते तर हात मांडीवर ठेवून पाण्याचा आवाज ऐकत बसली होती.

"चुकतंय का?" मी विचारलं.

"मी काही बोलले का?"

हे तीनदा पाणी बदलायला आले आणि तिन्ही वेळा आमच्याकडे न बघता गेले. कुंचला झाला तो पहिल्याच्या तिसरा हिस्सा. बारीक, पण टोक आहे. केस आईचे, निवड आईची, मी नुसते डोळे दिले. म्हणजे दिलेला शब्द अजून गेलेला नाही. दगडावर रेघ आईचीच उमटेल.

चौथा महिना, चोवीस

दोन दिवस हे लिहिताहेत. आता अंडं नाही, व्याख्यान नाही. बारीक कुंचल्यापुढे मिजास चालत नाही, जरा दाबला की फाकतो. पहिल्या दिवशी पन्नास ताव गेले. आई खाटेवर पडून कागदावरचा आवाज ऐकायची आणि "धावताय", "आता थांबलात" एवढंच म्हणायची. हे म्हणायचे, "हो आई." मला अकरा वर्षांत एकदाही असं हो म्हटलेलं नाही, पण ते जाऊ दे.

आज वू मिस्त्री आले. नऊ ताव खिडकीशी धरून बाजूला टाकले. दहावा धरला तो धरूनच ठेवला. मला हाताने जवळ बोलावलं. सहाही अक्षरांत रेघेच्या पोटातून केसाएवढा काळा धागा निघून वळणावळणाने शेवटापर्यंत गेलेला दिसत होता. इतका बारीक, तरी कुठे तुटलेला नाही.

"आता मला वाट मिळाली," मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात थांगसाहेब हजर. "अहो मास्तर, ही अक्षरं इतकी हडकुळी का? कमिटीने काय तुम्हाला उपाशी ठेवलं? त्या दिवशी तुमच्या भिंतीवर पाहिला तो ताव चांगला भरदार होता!" हे पांढरे पडले. वू मिस्त्रींना एरवी काही ऐकू येत नाही, हे मात्र आलं. "साहेब, जाड रेघंत पाणी साचतं, शेवाळ धरतं," म्हणाले. "ही शंभर वर्षं स्वच्छ राहील." मी पाठ करून उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

पाचवा महिना, तीन

शिळा उभी राहिली. फटाके झाले, थांगसाहेबांचं भाषण झालं, ते अजून चालू असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. ह्यांचं नाव बाजूला बारीक अक्षरात कोरलं आहे. लोक ह्यांना नमस्कार करत होते आणि हे प्रत्येकाला सांगत होते की कुंचला सासूबाईंचा आहे. एवढं मात्र मी ह्यांच्या खाती जमा करते.

गर्दी पांगल्यावर आईला जवळ नेलं. माथा उंच, म्हणून वू मिस्त्रींनी आपली लाकडी घोडी लावली आणि आई अडुसष्टाव्या वर्षी तिच्यावर चढली. मी खालून पाय धरून उभी. तिने पहिल्या अक्षराच्या खोबणीत बोट घातलं आणि हळूहळू वळणावरून नेलं. मग दुसऱ्याच्या. 

"ही माझी नव्हे गं," आई म्हणाली.

"केस तुझेच आहेत, आई."

"केस बकरीचे. माझं टोक मधोमध चालतं, पन्नास वर्षांत हललं नाही. ही रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत जराशी डावीकडे बसलीय. तू डाव्या हाताने विंचरलंस."

मी माझ्या हातांकडे बघत राहिले. शाळेत बाईंनी छडी मारून माझ्या उजव्या हातात कुंचला दिला होता. तेव्हापासून लिहिणं, जेवणं, सुई, सगळं उजव्याने. त्या दिवशी परातीत कुठला हात पुढे गेला, मला खरोखरच आठवत नाही.

"म्हणजे तुझी रेघ दगडावर नाहीच," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात रडायला लागले. एवढा आटापिटा केला, शब्द दिला होता, आणि शेवटी तिला जे हवं होतं तेच मिळालं नाही.

"नाही," आई म्हणाली. तिला वाईट वाटलं. वाटलं नाही असं मी लिहिणार नाही, तिच्या आवाजात ते होतं. पण बोट तिने काढलं नाही. "ही तुझी आहे. पहिली."

मला संताप आला. मी म्हटलं, "मला नकोय ती. तूच मला परातीतून बाहेर काढलंस. आता परत ढकलतेस?"

"काढलं. तेव्हा तुला थंडी वाजत होती."

एवढंच बोलली आणि परत पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. सहाही अक्षरं तिने पुरती फिरून पाहिली. वू मिस्त्रींना घोडी घेऊन जायची होती, पण तेही उन्हात थांबले.

आईला घरी पोचवून मी पाच वाजता एकटी परत गेले. मिस्त्री हत्यारं आवरत होते, त्यांनी न विचारता घोडी लावून दिली. दगड तापलेला होता. मी बोट घातलं आणि शेवटपर्यंत नेलं. आई म्हणते ते खरं आहे. रेघ डावीकडे आहे.